घरची गाडी : नट नेमका किती आवळायचा?

‘टॉर्क रेंच घ्यायचा आहे. स्वस्तातला घेतला तर तो खोटं माप दाखवेल का? आणि महागातला घेण्याइतकं आमचं काम आहे का?’ गुढियारीतल्या एका वाचक ताईंनी हा प्रश्न पाठवलाय. घरी एकच गाडी, ती त्या आणि कॉलेजात शिकणारा मुलगा चालवतात. माहेर नागपूरचं, म्हणजे सणावाराला दुर्ग, राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा करत सुमारे २९० किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. ‘वाटेत पंक्चर झालं तर चाक आम्हालाच बदलता यायला हवं,’ असंही त्यांनी लिहिलंय.

या शेवटच्या वाक्यामुळेच त्यांचा प्रश्न आजच्या सदरासाठी घेतला. टॉर्क रेंच हे फक्त गॅरेजवाल्यांचं अवजार आहे असं आपण धरून चालतो. खरं तर घरातल्या प्रत्येकाला गाडीचं चाक खोलता येईल की नाही, हे त्या चाकाचे नट किती आवळलेत यावर ठरतं.

टॉर्क म्हणजे काय?

पाना फिरवताना आपण नटाला जो पीळ देतो, तो म्हणजे टॉर्क. तो दोन गोष्टींवर ठरतो : हाताचा जोर आणि पान्याच्या दांड्याची लांबी. जोर तेवढाच ठेवून दांडा दुप्पट लांब केला की पीळही दुप्पट. हा पीळ मोजतात न्यूटन-मीटरमध्ये. १ मीटर लांब दांड्याच्या टोकाला साधारण १० किलो वजन टांगलं, तर जवळपास १०० न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. जुने मिस्त्री ‘दहा केजी’ म्हणतात ते हेच.

प्रत्येक गाडीच्या चाकाच्या नटांना कंपनीने एक आकडा ठरवून दिलेला असतो. जुन्या मारुती स्विफ्टच्या पुस्तिकेत तो ८५ आहे, होंडा सिटीसाठी १०८, तर फोक्सवॅगन पोलोसाठी १२० न्यूटन-मीटर. मॉडेल आणि वर्ष बदललं की आकडाही बदलू शकतो. म्हणून शेजाऱ्याला विचारू नका. गाडीसोबत मिळालेली पुस्तिका काढा आणि चाक बदलण्याच्या पानावर बघा. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या वेबसाइटवरून बहुतेक वेळा ती उतरवून घेता येते.

जास्त आवळलं तर बरंच ना?

नाही. गाडीबरोबर येणारा चाकाचा पाना साधारण २५ ते ३० सेंटिमीटर लांब असतो. तो ३० सेंटिमीटर धरू. नट १०० न्यूटन-मीटरला आवळलेला असेल, तर पान्याच्या टोकावर साधारण ३४ किलोचा जोर लागतो. पायाने किंवा अंगाचा भार देऊन घरातलं जवळपास कुणीही तो देऊ शकतं.

आता दुकानात काय होतं ते बघू. पंक्चर काढणारा घाईत असतो. तो हवेच्या बंदुकीने नट आवळतो, किंवा पान्यात पाइप घालून त्यावर भार देतो. १ मीटरच्या पाइपवर ३५ किलोचा भार दिला तरी नटाला ३४० न्यूटन-मीटरच्या पुढे पीळ बसतो. त्याच्या मनात वाईट काही नसतं, ‘ताई, एकदम घट्ट केलंय’ असं तो अभिमानाने सांगतो. पण २५० न्यूटन-मीटरचा नट गाडीतल्या पान्याने उघडायला ८५ किलोचा जोर लागेल. ५० किलो वजनाची व्यक्ती त्या पान्याच्या टोकावर उभी राहिली, तरी १५० न्यूटन-मीटरच्या पुढे जात नाही. म्हणजे देवरीच्या पुढे रात्री चाक बसलं, स्टेपनी आहे, जॅक आहे, पाना आहे, चाक कसं बदलायचं तेही माहीत आहे, आणि तरीही नट हलत नाही.

जास्त आवळल्याने बोल्ट ताणला जातो, आटे जातात आणि काही गाड्यांत ब्रेकची डिस्क किंचित वाकून ब्रेक मारताना थरथर जाणवू लागते. उलट कमी आवळलं तर नट हळूहळू सैल होतो, चाक डुगडुगतं आणि शेवटी निखळूही शकतं. चुकीची किंमत दोन्ही बाजूंनी मोजावी लागते. म्हणून अंदाजाऐवजी माप हवं.

हे अवजार जन्माला आलं तेही अशाच अडचणीतून. न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यात काम करणाऱ्या कॉनराड बार यांनी १९१८ मध्ये ते बनवलं असं सांगतात. जमिनीखालच्या नळांच्या जोडांवरचे बोल्ट कामगार गरजेपेक्षा जास्त आवळत होते, ते थांबवायला. १९३५ मध्ये बार आणि त्यांच्या सहकाऱ्याने आवळण्याचा आकडा बदलता येईल अशा पान्याच्या पेटंटसाठी अर्ज केला.

तीन प्रकार, तीन स्वभाव

क्लिक करणारा. सगळ्यात जास्त विकला जाणारा हाच. मूठ फिरवून आकडा लावायचा. तेवढा पीळ बसला की आतली स्प्रिंग सुटून ‘टक्’ असा आवाज येतो आणि हाताला हलका झटका जाणवतो. अंधारात, वाकून, कोपऱ्यात काम करताना सोयीचा. पण स्प्रिंग वापराने आणि निष्काळजीपणाने बदलते, आणि बदललेली बाहेरून दिसत नाही.

सुईचा, म्हणजे वाकणाऱ्या दांड्याचा. यात एक जाड दांडा जोर लावल्यावर थोडा वाकतो आणि बाजूची सरळ सुई पट्टीवर आकडा दाखवते. स्प्रिंग नाही, आत बिघडण्यासारखं काही नाही. जोर नसताना सुई शून्यावर असेल तर पाना बहुधा ठीक आहे, आणि सरकली असेल तर ती हलकेच वाकवून शून्यावर आणता येते. अडचण एवढीच की आकडा समोरून, डोळा बरोबर सुईवर ठेवून वाचावा लागतो. दुकानात कमी दिसतो, मागून घ्यावा लागतो.

डिजिटल. पडद्यावर आकडा आणि कानाला बीप. वाचायला सगळ्यात सोपा, पण महाग, आणि बॅटरी संपली की कामाचा नाही. वर्षातून चार-सहा वेळा चाकाचे नट बघणाऱ्या घराला त्याची गरज नाही.

अचूक म्हणजे किती अचूक?

हाताने वापरायच्या टॉर्क रेंचसाठी आयएसओ ६७८९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. क्लिक करणाऱ्या नेहमीच्या पान्याला १० न्यूटन-मीटरच्या वर ४ टक्के कमी-जास्त चालतं. म्हणजे १०० लावले तर खरा पीळ ९६ ते १०४ च्या मध्ये हवा. वाकणाऱ्या दांड्याच्या पान्याला ६ टक्क्यांची मुभा आहे. पंक्चरवाल्याच्या पाइपने दुप्पट-तिप्पट पीळ बसतो, त्यापुढे ४ आणि ६ मधला फरक चाकाच्या नटासाठी नगण्य आहे.

म्हणून ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं : स्वस्त पाना आपोआप खोटा ठरत नाही. खोटा ठरतो तो चुकीच्या मापाचा, न तपासलेला किंवा वाईट ठेवलेला पाना, मग तो कितीही महाग असो.

दुकानात काय बघायचं?

रायपुरात हार्डवेअरच्या दुकानात जा किंवा फोनवरून मागवा, या सहा गोष्टी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

१. टप्पा. मानकानुसार पान्याची अचूकता त्याच्या कमाल आकड्याच्या २० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत तपासली जाते. २०० पर्यंतच्या पान्यावर ४० च्या खालचा आकडा भरवशाचा नाही. चाकाच्या नटांसाठी ४० ते २०० न्यूटन-मीटरच्या आसपासचा, अर्धा इंच चौकोनी टोकाचा पाना घ्या. तुमचा ८५ किंवा १२० चा आकडा मधोमध येईल. स्पार्क प्लगसारख्या नाजूक कामाला हाच पाना वापरायचा मोह टाळा. त्याला लहान टप्प्याचा वेगळा पाना लागतो.

२. टक्के कशाचे? ‘४ टक्के’ हे लावलेल्या आकड्याचे असावेत. कुठे ‘कमाल मापाच्या ४ टक्के’ असं लिहिलेलं असेल तर सावध व्हा. २०० च्या पान्यावर त्याचा अर्थ ८ न्यूटन-मीटर इकडे-तिकडे, मग तुम्ही १०० लावा की ५०.

३. प्रमाणपत्र. डब्यात कागद आहे का, आणि त्यावरचा अनुक्रमांक पान्यावर कोरलेल्या अनुक्रमांकाशी जुळतो का? त्यावर २०, ६० आणि १०० टक्क्यांना घेतलेली प्रत्यक्ष मापं आहेत का? सगळ्या डब्यांत एकच छापील चिठ्ठी असेल तर ती शोभेची.

४. आकडे वाचता येतात का? पट्टीवर बहुधा दोन मापं असतात, न्यूटन-मीटर आणि फूट-पाउंड. चुकून फूट-पाउंडवर १०० लावले तर नटाला १३६ न्यूटन-मीटर बसतात. खोल कोरलेले, ठळक आकडे असलेला पाना घ्या. दुकानातच १०० लावून बघा, घरातल्या दुसऱ्या व्यक्तीलाही लावायला सांगा.

५. कुलूप. लावलेला आकडा काम करताना सरकू नये म्हणून मुठीला कडी किंवा रिंग असते. ती घट्ट बसते का बघा.

६. गोटी. पान्याबरोबर तुमच्या नटाच्या मापाची गोटी, म्हणजे सॉकेट, हवी. पुष्कळ गाड्यांना १९ किंवा २१ मिलिमीटरची लागते, काहींना १७ ची. सहा कोनांची घ्या, नटाचे कोपरे झिजत नाहीत.

किमतीचं म्हणाल तर क्लिक करणारे साधे पाने साधारण दीड-दोन हजारांपासून मिळतात आणि नावाजलेल्या कंपन्यांचे त्याच्या दुप्पट-तिप्पट. घरच्या वापराला पहिल्या गटातला, पण वरच्या सहा कसोट्यांत बसणारा पाना पुरेसा आहे. त्यातही पैसे वाचवायचे असतील तर चार घरांनी मिळून एक घ्या. रोज लागणारी वस्तू नाही. फक्त तो एका जबाबदार घरी राहू द्या.

घरी तपासायची सोपी रीत

गुढियारीच्या ठोक बाजारात तांदळाची पोती रोज काट्यावर चढतात. व्यापाऱ्याचा इलेक्ट्रॉनिक काटा कायद्याने वर्षातून एकदा वैधमापन विभागाकडून तपासून त्यावर शिक्का घ्यावा लागतो. काटा बनावट असतो म्हणून नव्हे, तर वापरात कोणतंही माप हळूहळू सरकतं म्हणून. टॉर्क रेंचलाही हाच न्याय लागू होतो. मानक सांगतं : १२ महिने किंवा ५,००० वेळा वापर, जे आधी होईल तेव्हा पुन्हा तपासा.

पक्की तपासणी एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत होते. तुमच्या शहराजवळची प्रयोगशाळा एनएबीएलच्या वेबसाइटवर शोधता येते, मात्र ती टॉर्कची तपासणी करते का हे आधी फोनवर विचारा. स्वस्त पान्यासाठी हा खर्च कधी कधी पान्याच्या किमतीजवळ जातो. म्हणून घरी करण्यासारखी एक ढोबळ चाचणी सांगते. लागतो फक्त प्रवासाची बॅग मोजायचा हुकाचा काटा आणि मोजपट्टी.

आधी काट्याची परीक्षा घ्या. १० किलोची न फोडलेली तांदळाची पिशवी टांगा. १० च्या आसपास दाखवतो ना? आता गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, पहिल्या गिअरमध्ये ठेवा. जो नट आधीच १०० किंवा जास्त पिळाला आवळलेला आहे, त्यावर पाना असा बसवा की मूठ सरळ वर, आकाशाकडे येईल. असं केल्याने पान्याचं स्वतःचं वजन हिशेबात येत नाही. पान्यावर ८० न्यूटन-मीटर लावा. गोटीच्या मध्यापासून ४० सेंटिमीटरवर खूण करा (बहुतेक अर्ध्या इंची पान्यांत ही खूण मुठीच्या मध्याजवळ येते) आणि तिथे काट्याचा हुक अडकवा. मग नट आवळण्याच्या दिशेने, पान्याला काटकोनात, काटा हळूहळू ओढा. दुसऱ्याने आकड्यावर नजर ठेवावी.

‘टक्’ होईल तेव्हा काटा २० किलोच्या जरासा वर, म्हणजे २०.४ च्या आसपास असायला हवा. पान्यावर ६० लावले तर साधारण १५.३ किलो. तीन-चार वेळा करा आणि सरासरी काढा. मोजपट्टी, हुकाची जागा आणि काटा यांची चूक धरता, ही रीत १-२ टक्क्यांचा फरक पकडणार नाही. पण पाना १०-१५ टक्क्यांनी चुकत असेल तर नक्की पकडेल. आणि आपल्याला भीती त्याचीच आहे. नवा पाना आला की पहिल्याच आठवड्यात ही चाचणी करा, म्हणजे परत पाठवायची मुदत हातात असते.

वापरताना

नट आणि बोल्टचे आटे पुसून कोरडे ठेवा. तेल-ग्रीस लावू नका, पुस्तिकेत सांगितलं असेल तरच लावा. आपण दिलेल्या पिळाचा मोठा भाग घर्षणात जातो आणि जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणायच्या कामी येतो. तेल लावलं की घर्षण घटतं आणि त्याच आकड्याला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो.

सगळे नट आधी हाताने, मग साध्या पान्याने बेताचे आवळा. गाडी जॅकवरून उतरवून चाक जमिनीवर टेकू द्या आणि मगच टॉर्क रेंच घ्या. समोरासमोरच्या क्रमाने जा, शेजारचा नट लगेच नको. पाच नट असतील तर चांदणी काढतो तसा क्रम. मूठ मधोमध धरून सावकाश ओढा. ‘टक्’ झालं की थांबा. खात्रीसाठी दोन-तीनदा टकटक केली की दर वेळी नट थोडा पुढे सरकू शकतो.

एक गोष्ट फार जण विसरतात. क्लिक करणारा पाना ‘निदान एवढा पीळ आहे’ इतकंच सांगतो. नट आधीच २५० ला आवळलेला असेल, तरी १०० वर लावलेला पाना लगेच ‘टक्’ म्हणेल आणि तुम्हाला वाटेल सगळं ठीक. म्हणून दुकानातून चाक बसवून आणल्यावर नुसतं तपासू नका. साध्या पान्याने एकेक नट सैल करा आणि लगेच टॉर्क रेंचने ठरलेल्या आकड्याला आवळा. एका वेळी एकच नट. मग ५० ते १०० किलोमीटर गाडी चालल्यावर, चाक थंड असताना, एकदा पुन्हा बघा.

ठेवताना

काम झालं की क्लिक करणाऱ्या पान्याची मूठ सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवा, म्हणजे स्प्रिंगवर ताण राहत नाही. शून्याच्या दिशेने त्याहून खाली फिरवू नका, आतले भाग सुटतात. नट सैल करायला हा पाना वापरू नका. त्यासाठी साधा पाना आहे. हातोडीसारखा ठोकू नका, मुठीला पाइप लावू नका. हातातून पडला तर पुन्हा काट्याची चाचणी करा. डब्यात, कोरड्या जागी ठेवा. घरच्या सगळ्यांना ती जागा ठाऊक हवी.

तर ताई, तुमच्यासाठी : अर्धा इंच, ४० ते २०० च्या टप्प्याचा, अनुक्रमांकाचं प्रमाणपत्र असलेला क्लिक करणारा साधा पाना घ्या. सुईचा मिळाला तर तोही उत्तम, आणि जास्त टिकेल. नागपूरला निघण्याआधीच्या रविवारी मुलाला सोबत घेऊन चारही चाकांचे नट एकेक करून नीट लावा. स्टेपनीतली हवाही बघा. मग गाडीतलाच छोटा पाना घेऊन एक नट तुम्ही स्वतः उघडून पुन्हा लावा. तुमच्या ताकदीने तो उघडला की समजा, त्या रस्त्यावर कुठेही चाक बसलं तरी तुम्हाला कुणाची वाट बघावी लागणार नाही.

पुढच्या भागात : टायरमधली हवा, उन्हाळ्यात किती आणि पावसाळ्यात किती? तुमचे प्रश्न गाडीचं मॉडेल आणि वर्ष लिहून पाठवा.